फुत्काराची प्रतिष्ठा

दिवाळी अंकाला लेख द्यावयाचा म्हणजे फराळाच्या ताटाला शोभेल असे काहीतरी गोड लिहावे, असा संकेत आहे. संपादकांनीही पत्रात तसे सुचविले होते. परंतु ताटात करंजीच्या शेजारी चकलीही असते आणि चकलीला तिखट लागतेच, एवढा आधार घेऊन मी आज भांडावयास बसलो आहे. भांडण आहे ते एका आवाजाशी. तो वाचकांनी ऐकला असेलच. संध्याकाळी आपण भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेने चाललेले असतो. मागून एक मोटार भरधाव येते, चौकाजवळ तिचा वेग एकदम उतरतो आणि त्याच क्षणी तिच्या पोटातून ‘फिस्स्’ असा फुत्कार निघतो, शेपटीवर पाय पडलेल्या नागासारखा. आपण दचकून बाजूला होतो. आत बसलेला तरुण प्रसन्न हसतो. त्याने त्या फुत्कारासाठी रोख पैसे मोजलेले असतात.

हा आवाज ज्या भागातून निघतो त्याला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हणतात. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हा भाग आपले काम मुकाट्याने करण्यासाठी जन्माला आला. आपण त्याला मिरवणुकीतला ताशा केला. तो मिरविता यावा म्हणून तो चुकीचा बसविला जातो, आणि चुकीचा बसविलेला हा मुठीएवढा भाग घरच्या माणसांच्या जिवावर बेतू शकतो. याचा दोष गाडीवाल्या तरुणांना देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मी तो दोष प्रथम आम्हा कारागिरांना देतो, आणि कारागिरांना शिकविणाऱ्यांना देतो. त्यांत मी आलो. तीस वर्षे मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा शिल्प निदेशक होतो. माझ्या हाताखालून गेलेली मुले आज कोल्हापुरापासून पुण्यापर्यंत गॅरेजे चालवीत आहेत.

ज्यांचा मोटारीशी संबंध पेट्रोल भरण्यापुरता, त्यांच्यासाठी आधी हे यंत्र काय आहे ते सांगतो. आमच्या भागातले गुऱ्हाळ आठवा. ऊस चरकातून पिळून निघाला की रस काहिलीत जातो आणि उरलेली चिपाडे वाळवून त्याच काहिलीखालच्या चुलवाणात घालतात. टाकाऊ चिपाडावर गूळ शिजतो. टर्बोचार्जर ही याच जातीची काटकसर आहे. इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर एरवी सायलेन्सरवाटे वाया जातो. त्या धुराच्या झोतावर एक लहानसे चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसविलेल्या चक्राने बाहेरची स्वच्छ हवा दाबून इंजिनात कोंबावयाची. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने पाइक्स पीक या सुमारे चौदा हजार फूट उंचीच्या पर्वतावर विमानाचे इंजिन नेले आणि टर्बो लावला असता विरळ हवेतही ते दम सोडीत नाही, हे दाखवून दिले. घरगुती मोटारीत हे यंत्र आले १९६२ साली, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर या दोन अमेरिकन गाड्यांतून. तात्पर्य, टर्बोची सारी प्रतिष्ठा वाया जाणारे वाचविण्यात आहे. त्याच्या नावाने हवा आणि पेट्रोल उधळणे म्हणजे चिपाडे फेकून देऊन चुलवाणात ऊस जाळण्यासारखे आहे.

आता व्हॉल्व्हाकडे येऊ. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाची झडप असते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला की ती उघडते, पाय काढला की मिटते. गाडी जोरात असताना पाय एकदम काढला तर झडप मिटते. पण टर्बोचे चक्र थोडेच थांबते? ते मिनिटाला लाखावर फेरे घेत असते. त्याने कोंबलेली हवा मिटल्या दारावर आदळते, मागे फिरते आणि चक्राच्या पात्यांतून उलटी निसटू पाहते. तेव्हा पिंजऱ्यात पाखराने पंख आपटावे तशी फडफड ऐकू येते. तिला सर्ज म्हणतात. एका फडफडीने टर्बो मोडत नाही. परंतु प्रत्येक वेळी दांड्याच्या बेअरिंगवर उलटसुलट भार येतो, चक्राचा वेग मरतो, आणि पुन्हा पाय दिल्यावर ते नव्याने चढवावे लागते. हे टळावे म्हणून टर्बो आणि थ्रॉटल यांच्या दरम्यान एक आडदार ठेवतात. झडप मिटताच ते उघडते आणि कोंडलेल्या हवेला वाट देते. हाच आपला व्हॉल्व्ह.

पुष्कळांना वाटते की हा कुकरच्या शिट्टीसारखा असावा; दाब फार झाला की सोडून देतो. तसे नाही. दाबाला मर्यादा घालण्याचे काम टर्बोत वेस्टगेट नावाचा भाग करतो, आणि तो हवेला नव्हे, धुराला वाट देतो. आपल्या व्हॉल्व्हाचा संबंध दाब किती यापेक्षा दार केव्हा मिटले याच्याशी आहे. आणि डिझेलच्या इंजिनात जोर कमीजास्त करण्यासाठी हवेचे दार मिटावे लागतच नाही. तेथे इंधन कमीजास्त करतात. म्हणून सामान्य डिझेल मोटारीला या व्हॉल्व्हाचे काही काम नाही. तरीही डिझेल गाडीच्या पॅडलला विजेचे बटण लावून हवा सोडणारे संच विकले जातात आणि ते हौसेने घेतलेही जातात. ज्याला दारच नाही त्या घराला कुलूप विकण्याची ही कला आहे.

सोडलेली हवा जावी कोठे, हा सगळ्या भांडणाचा गाभा आहे. लग्नाच्या मांडवाचे उदाहरण घ्या. दारात एक जाणता माणूस येणारी डोकी मोजतो आणि आत आचाऱ्याला आकडा कळवितो. आचारी तेवढी पाने वाढतो. आता मोजून आत घेतलेली चाळीस माणसे कोणी मागच्या दाराने परस्पर रस्त्यावर सोडली तर काय होईल? चाळीस पाने वाढलेली आणि जेवावयास कोणी नाही. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत एअर फिल्टरच्या लगत असाच एक मोजणारा बसलेला असतो. आत येणारी हवा तो वजनाने मोजतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडले जाते. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, असा तो हिशेब आहे. मोजून घेतलेली हवा व्हॉल्व्हाने बाहेर उडविली की पेट्रोल उरते. इंजिन गुदमरते, प्लग काळे पडतात, आणि कच्चे पेट्रोल धुराबरोबर जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून खराब करते. म्हणून गाडी बनविणाराने मागच्या दाराची वाट पुन्हा मांडवातच आणलेली असते: मोजणाऱ्याच्या पुढे आणि टर्बोच्या तोंडाशी. हवा बाहेर जात नाही, आतल्या आत फिरते. हिशेब मोडत नाही. आणि अर्थातच, फुत्कार जवळजवळ ऐकू येत नाही. दोष असलाच तर एवढाच!

आता ही विद्या मी घरबसल्या का पाजळतो आहे ते सांगतो, आणि सांगताना मला लाज वाटते.

गेल्या दिवाळीला माझा पुतण्या पुण्याहून कोल्हापुरास आला तो एक जुनी परदेशी बनावटीची टर्बो मोटार घेऊन. वीस वर्षे वापरलेली, पण ऐटबाज. तिचा मूळचा व्हॉल्व्ह निकामी झाला होता. आतले रबरी पडदे वयाने चिरतात, तसा चिरला होता. “काका, कोणाकडे टाकू?” त्याने विचारले. मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज सांगितले. हाताने चांगला, मन लावून काम करणारा मुलगा. संध्याकाळी गाडी परत आली ती फुत्कार टाकीतच. आळीतली पोरे धावत आली. पुतण्याने त्यांच्यासाठी आणखी दोनदा आवाज काढून दाखविला. मला तो आवाज ऐकताच कळले की हवा बाहेर उडते आहे. मी बोलावयास तोंड उघडले आणि मिटले. सणाचा दिवस, पोर वर्षाने घरी आलेले, कशाला विरजण घालावयाचे! मोठ्या शहाणपणाने मी गप्प राहिलो.

भाऊबीजेला वहिनी माहेरी कणकवलीकडे जातात. थोरले बंधू गेल्यापासून मी दरवर्षी त्यांच्या सोबत जातो. दुसरे दिवशी आम्ही फोंडा घाट चढून परत येत होतो. पुतण्या गाडी चालवीत होता, मी शेजारी, मागे वहिनी, सूनबाई आणि साडेतीन वर्षांची नात. एका लांब चढावर त्याने मालट्रक ओलांडावयास जोर दिला आणि पुढचे वळण दिसताच पाय काढला. ‘फिस्स्’ झाले, इंजिन दोनदा गचकले आणि बंद पडले. ज्यांनी हे अनुभवले नाही त्यांना सांगतो की, इंजिन बंद पडले की अशा गाडीचे स्टिअरिंग दगडासारखे होते. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही इंजिनच पुरवीत असते. उरलेल्या पुंजीवर एकदोन दाब मिळतात, पुढे पाय थकतो. वळण अर्धे घेतलेले, गाडी थबकून मागे ओघळू लागलेली, आणि नुकताच ओलांडलेला मालट्रक खालून येत असलेला. पोराने ब्रेक दाबून धरला, मी हँडब्रेक ओढला. ट्रकवाला मुरलेला होता. त्याने दहा हातांवर गाडी उभी केली, उतरला, आमच्या चाकामागे दगड लावला आणि एक शब्द न बोलता पुन्हा जाऊन बसला. मागे नात रडत होती. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. राधानगरी आल्यावर म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही एवढी पोरं शिकवलीत. मग हे असं कसं बसवलं?”

‘कोणी’ बसवले असे त्यांनी विचारले नाही, ‘कसे’ असे विचारले. मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी बॉनेट उघडले. तीन चुका होत्या आणि तिन्ही जाणूनबुजून केलेल्या होत्या. पहिली: व्हॉल्व्हाचे तोंड उघड्या हवेत सोडले होते आणि परतीची मूळ वाट रबरी बुचाने बंद केली होती. दुसरी: व्हॉल्व्हाला ‘दार मिटले’ ही खबर देणारी व्हॅक्यूमची नळी स्वतंत्र न घेता ब्रेकच्या नळीला टी मारून काढली होती आणि जोडाला क्लिपेऐवजी प्लॅस्टिकची पट्टी आवळली होती. नशीब एवढेच की तो टी ब्रेकच्या एकेरी झडपेच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला होता. पलीकडे असता आणि जोड सैल असता तर घाटात ज्या पुंजीवर आम्ही थांबलो ती पुंजीच निसटून गेली असती. तिसरी: स्प्रिंग अगदी सैल ठेवली होती, म्हणजे जरा पाय हलला तरी फुत्कार निघावा. त्यामुळे गाडी उभी असतानाही व्हॉल्व्ह किंचित उघडा राही आणि फिल्टरला वळसा घालून रस्त्याची धूळ आत ओढी. मोजलेली हवा बाहेर आणि न मोजलेली आत, अशा कारभारात इंजिन चढावर मेले यात नवल नाही. चार दिवस चालले हेच नवल.

मी विद्यार्थ्याला बोलावून घेतले. तो आला, पाहिले, आणि मान खाली घालून म्हणाला, “सर, गिऱ्हाईक आवाज मागतं. मी नाही बसवला तर शेजारचा बसवतो.” पुतण्या म्हणाला, “काका, शर्यतीच्या गाड्यांना असतोच की. आणि गाडी माझी आहे.” या दोन वाक्यांत या धंद्याचे सगळे तत्त्वज्ञान आले. तेव्हा दोन्हींचा समाचार एकदाच घेतो.

गिऱ्हाईक मागते म्हणून देणे हा युक्तिवाद वरवर पाहता व्यवहारी वाटतो. पण औषधाच्या दुकानातला माणूस असे म्हणू लागला तर? गिऱ्हाईक कडू नको म्हणते म्हणून वैद्य साखरेच्या पुड्या देत नाही. गिऱ्हाइकाला ‘फिस्स्’ हवे असते, कारण त्याला ते शक्तीचे लक्षण वाटते. या व्हॉल्व्हाने इंजिनची शक्ती वाढत नाही, हे कारागिराला ठाऊक असते. जे ठाऊक आहे ते न सांगता पैसे घेणे याला व्यवहार म्हणत नाहीत. आपण खंडेनवमीला पान्यांना आणि हातोड्यांना हळदकुंकू वाहतो. त्या पान्याने दुसरे दिवशी खोटा जोड आवळावयाचा, तर ते कुंकू पुसून टाकावे हे बरे.

शर्यतीच्या गाड्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे म्हणूनच ते भुरळ घालते. ज्या इंजिनात हवा वजनाने मोजीत नाहीत, थ्रॉटलच्या पुढे दाब पाहून हिशेब करतात, तेथे हवा बाहेर सोडली तरी पानांचा हिशेब सहसा मोडत नाही. कारण तेथला मोजणारा मांडवाच्या दारात नसून पंगतीतच उभा असतो. शर्यतीच्या गाड्यांचा सगळा हिशेबच नव्याने मांडलेला असतो, आणि त्या गाड्या वहिनींना माहेरी पोचवीत नाहीत. त्यांचे एक लक्षण उचलून आपल्या गाडीला चिकटविणे म्हणजे पैलवानाचा लंगोट घालून आखाड्यात उतरल्यासारखे आहे. शाहू महाराजांच्या गावात हे निराळे सांगावयास नको.

‘गाडी माझी आहे’ हेही तपासून पाहू. गाडी तुझी, पण घाट तुझा नव्हे, खालून येणारा मालट्रक तुझा नव्हे. कायद्यालाही हे मान्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, बनविणाराने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला आपल्या वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. परंतु मी कायद्याच्या काठीने हे भांडण जिंकू इच्छीत नाही. पोलिसाच्या भीतीने बसविलेला जोड पोलीस वळला की सैल होतो.

एवढे ऐकून दुसऱ्या टोकाची मंडळी माना डोलावतील. ‘आम्ही म्हणतच होतो, कंपनीने दिले आहे त्याला हात लावू नये!’ त्यांच्याशीही माझे पटत नाही. रबर चिरते, प्लॅस्टिक तडकते. व्हॉल्व्ह बदलावा लागतोच. चिरलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर दाबलेली हवा गळत राहते, गाडी ओढत नाही, आणि मालक ‘ही गाडीच वाईट’ म्हणून ती विकून टाकतो. हात लावू नये असे म्हणणाऱ्यांमुळेच हात लावणाऱ्यांना कोणी शिकवीत नाही. मीही त्यांतलाच. तीस वर्षे मी फळ्यावर टर्बोची आकृती काढली ती डिझेल ट्रकच्या इंजिनची. त्यात थ्रॉटलचे दार नव्हते, म्हणून हा व्हॉल्व्हही नव्हता. पेट्रोलच्या टर्बो गाड्या आपल्या रस्त्यांवर वाढू लागल्या तेव्हा माझा अभ्यासक्रम संपला होता आणि माझी जिज्ञासाही. मुलांनी ही विद्या मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून मिळविली. त्यात आवाज ऐकू येतो. नळी कोठून घेतली ते दिसत नाही.

म्हणून त्या दिवशी शिष्याला रागावण्याऐवजी मी बाही सरसावली आणि आम्ही दोघांनी अंगणात, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, तो व्हॉल्व्ह पुन्हा बसविला. जे केले ते येथे देतो. गाडी असणाऱ्या घरात हे पान जपून ठेवावे आणि गॅरेजवाल्यापुढे धरावे.

प्रथम, मूळच्या जातीचा नवा व्हॉल्व्ह आणला. बसविण्यापूर्वी त्याच्या वरच्या नळीला तोंड लावून हवा ओढून धरली. पडदा धड असेल तर ओढ टिकते, जीभ चिकटून राहते. मग परतीच्या वाटेचे बूच काढले आणि व्हॉल्व्हाचे तोंड मूळ जागी, हवा मोजणाऱ्याच्या पुढे आणि टर्बोच्या अलीकडे जोडले. कोणते तोंड दाबाच्या बाजूचे आणि कोणते परतीचे हे बाणावरून वा जुन्या व्हॉल्व्हाशी ताडून पाहिले. उलटा बसविलेला व्हॉल्व्ह पाहावयास सारखाच दिसतो. खबरेची नळी थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या मॅनिफोल्डवरून स्वतंत्र घेतली. थ्रॉटलच्या अलीकडून घेतली तर तिला व्हॅक्यूम मिळतच नाही आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडत नाही. नळी आखूड ठेवली, कोठे दुमडू दिली नाही, धुराच्या तापल्या नळकांड्यापासून आणि पट्ट्यापासून दूर नेली. ब्रेकची नळी पूर्ववत एकसंध केली. तिला यापुढे कोणी हात लावावयाचा नाही, असे शिष्याकडून वदवून घेतले. जोडांवर पट्ट्या नव्हे, क्लिपा आवळल्या, आणि त्याही होजच्या आतल्या कडेच्या मागे, म्हणजे दाबाने पाइप सुटू नये.

मूळच्या व्हॉल्व्हाची स्प्रिंग ठरलेली असते. तिथे प्रश्न नव्हता. परंतु स्क्रूने कमीजास्त होणारी स्प्रिंग असेल तर कसोटी साधी आहे: गाडी उभ्याने चालू असता व्हॉल्व्ह मिटलेला आणि जोरातून पाय काढताच उघडलेला. स्प्रिंग फार कडक असेल तर फडफड ऐकू येईल, फार सैल असेल तर उभ्या गाडीची चाल डळमळेल. काही हौशी लोकांना आता ती फडफडच आवडू लागली आहे आणि ते व्हॉल्व्ह मुद्दाम बंद करून घेतात, असे शिष्य म्हणाला. दुखणे हाच दागिना झाल्यावर वैद्याने काय करावे?

शेवटी हवेच्या वाटेत हलक्या दाबाची हवा भरली आणि पंक्चरवाला करतो तसे प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी फिरविले. एका जोडावर बुडबुडा आला. तो आमच्या दोघांनी नुकताच आवळलेला जोड होता. शिष्य माझ्याकडे पाहून हसला. मी पुन्हा पाना हातात घेतला.

नव्या गाड्यांचे सांगून संपवितो. अनेक नव्या टर्बो गाड्यांत हा व्हॉल्व्ह टर्बोच्या अंगावरच बसविलेला असतो आणि व्हॅक्यूमच्या नळीऐवजी गाडीतल्या संगणकाच्या विजेवर चालतो. आता कोणी शहाणा नळी चुकवू शकणार नाही, असे वाटले होते. पण बाजारात त्याच्या खाली घालावयाची धातूची चकतीही आली. ती घातली की थोडी हवा बाहेर निसटते आणि फुत्कार पुन्हा जिवंत होतो. माणसाच्या हौसेपुढे इंजिनिअरांची मात्रा चालत नाही. ती कारागिराची चालेल. चकती विकत कोणीही घेईल, बसवावी लागते ती आम्हालाच. आम्ही ‘नाही’ म्हटले तर ती खोक्यातच राहील.

तेव्हा माझी मागणी गाडीवाल्यांकडे नाही. दिवाळीत सुतळी बॉम्ब फोडणारा मुलगा आणि मोटारीतून फुत्कार काढणारा तरुण यांच्या वयाला आवाज हवासा वाटणारच. मागणी आहे ती पाना हातात धरणाऱ्याकडे आणि पाना धरावयास शिकविणाऱ्याकडे. आवाज विकू नका. जोड तपासून द्या. ज्या गाडीला व्हॉल्व्ह लागत नाही तिला तो बसवू नका, आणि लागतो तिला तो असा बसवा की मालकाला तो आठवूही नये. आणि माझ्यासारख्या निवृत्त शहाण्यांना एकच सांगणे: चूक कानावर आली की सण पाहू नका. मी एक संध्याकाळ गप्प बसलो, त्याची किंमत फोंडा घाटात एका अनोळखी ट्रकवाल्याने चुकविली.

त्या दिवशी गाडी फाटकाबाहेर काढून पुतण्याने एक फेरी मारली. परत आला तेव्हा नात धावत गेली आणि हिरमुसून म्हणाली, “आजोबा, गाडीचा साप गेला!” मी म्हटले, गेला खरा. निघताना शिष्याने पायाला हात लावला आणि जरा अडखळत विचारले, “सर, उद्या गिऱ्हाईक पुन्हा आवाज मागायला आलं तर काय सांगू?”

त्याला माझा पत्ता दे, असे मी सांगितले आहे. आतापर्यंत तिघे येऊन गेले. दोघांची समजूत पटली. तिसरा चहा घेऊन शेजारच्या गॅरेजात गेला. त्याच्या मागोमाग मीही जाणार आहे.